लग्नपत्रिकेसाठी कोणता हस्ताक्षरी फॉन्ट घ्यावा, आणि तो कुठे वापरावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीचं लग्न ठरलंय आणि पत्रिका तुम्ही घरीच कॉम्प्युटरवर तयार करताय. एक वळणदार हस्ताक्षरी फॉन्ट मनात भरला, म्हणून ‘श्री गणेशाय नमः’पासून निमंत्रकांच्या नावांपर्यंत सगळा मजकूर त्यातच घेतला. आता घरातली मोठी माणसं म्हणतात, वाचता येत नाही. छापखानेवाले म्हणतात, अक्षरं तुटतायत. यापेक्षा चांगला हस्ताक्षरी फॉन्ट कोणता, असं तुम्ही विचारलंय. शिवाय तोच फॉन्ट पत्नीच्या लोणच्या-मसाल्यांच्या लेबलावर चालेल का, हेही विचारलंय.

मी पुण्यात नारायण पेठेत गेली २७ वर्षं अक्षरजुळणी आणि मांडणीचं काम करते. लग्नसराईत रोज दोन-तीन पत्रिका हाताखालून जातात आणि हा प्रश्न दर मोसमात येतो. म्हणून आधीच सांगते, दुसरा फॉन्ट शोधून हे सुटणार नाही. तुमचा फॉन्ट वाईटच असेल असं नाही. त्याला न झेपणारं काम त्याच्या गळ्यात पडलंय. पत्रिकेतले काही शब्द डोळे भरून बघायचे असतात, काही नुसते चटकन कळायचे असतात. वधूवरांची नावं, ‘शुभविवाह’, फार तर घराण्याचं नाव हे बघायचे शब्द. ते माणूस पत्रिका हातात घेऊन दोन क्षण न्याहाळतो. मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता, फोन नंबर हे लग्नाच्या दिवशी रिक्षात बसल्या बसल्या शोधायचे शब्द. हस्ताक्षरी फॉन्ट पहिल्या कामासाठी असतो. तेव्हा तुमचा खरा प्रश्न ‘कोणते शब्द त्यात घेऊ’ हा आहे. एकदा ते ठरलं की फॉन्टची निवड बरीच सोपी होते.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. पत्रिका ऑफसेटवर छापणार, डिजिटल प्रिंट काढणार, की हातकागदावर स्क्रीन प्रिंटिंग? नावांना सोनेरी फॉइल आहे का? किती जणांना कागद मिळणार आणि किती जणांना नुसती व्हॉट्सॲपवर? शेवटचा प्रश्न हल्ली सगळ्यात महत्त्वाचा झालाय. पाच इंच रुंदीची पत्रिका मोबाइलच्या उभ्या पडद्यावर जेमतेम पावणेतीन इंचांत दिसते. म्हणजे तुम्ही १२ पॉइंटात घेतलेला पत्ता आत्याबाई साडेसहा पॉइंटात वाचणार. साध्या फॉन्टमध्येही ते कठीण, वळणदार फॉन्टमध्ये तर अशक्यच.

आता हस्ताक्षरी फॉन्ट लांब मजकुरात का फसतो, ते सांगते. हे कळलं की पुढचे निर्णय तुमचे तुम्हालाच घेता येतील.

हाताने लिहिताना एकच अक्षर दोनदा सारखं येत नाही. ‘काका’ लिहा आणि भिंग घेऊन बघा. दुसऱ्या ‘का’चं पोट थोडं वेगळं फुगलेलं असेल, काना थोडा आखूड झालेला असेल. फॉन्टमध्ये दोन्ही ‘का’ हुबेहूब एकच. दोन-तीन शब्दांत हे लक्षात येत नाही. वीस ओळींत डोळा ते पकडतोच, आणि मग ती अक्षरं हाताची वाटत नाहीत, हाताच्या शिक्क्याची वाटतात. काही चांगल्या फॉन्टमध्ये एका अक्षराची दोन-तीन रूपं दिलेली असतात आणि शेजारपाजार बघून ती आपोआप बदलतात, पण देवनागरीत असे फॉन्ट थोडे.

दुसरी अडचण शिरोरेघेची, आणि ती रोमन अक्षरांत नसतेच. आपण बालबोध लिहिताना आधी शब्द लिहितो आणि मग वरून एका झटक्यात रेघ ओढतो. मोडीत उलट, आधी कागदभर रेघ आखून घ्यायची आणि अक्षरं तिला लटकवत जायची. दोन्हींत रेघ ही हाताची एकसलग हालचाल. फॉन्टमध्ये ती एकसलग नसते. प्रत्येक अक्षर आपल्या डोक्यावर रेघेचा आपला तुकडा घेऊन येतं आणि ते तुकडे शेजारी शेजारी लागून रेघ तयार होते. सांधा दिसू नये म्हणून प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोकं एकाच उंचीवर आणि एकाच जाडीची ठेवावी लागतात. त्यामुळे फॉन्ट करणारा रेघेला हाताचा थरथराट द्यायला गेला, तर तोच थरथराट प्रत्येक अक्षरावर पुन्हा पुन्हा येतो. नाही दिला, तर खाली हाताची अक्षरं आणि वर पट्टीने मारलेली रेघ असं दिसतं. काही हस्ताक्षरी फॉन्ट शिरोरेघ तोडून किंवा गाळूनच ही अडचण सोडवतात. बघायला ते मोकळे दिसतात, पण रेघ गेली की शब्द कुठे संपला हे फक्त मोकळ्या जागेवरून कळतं, आणि लांब मजकुरात वाचणारा दमतो.

म्हणूनच आपल्याकडे सुंदर अक्षरांची खरी परंपरा फॉन्टच्या आधी हाताने काढलेल्या नावांची आहे. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची आणि मासिकांची जी शीर्षकं केली, ती वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या पानावर कितीतरी जणांनी बघितली असतील. त्यांतलं प्रत्येक नाव त्या शब्दासाठीच काढलेलं होतं. एका नाटकाच्या नावातला ‘म’ दुसऱ्या नाटकाला चालला नसता. उलट र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी केलेला ‘मंगल’ घ्या. विंडोजबरोबर तो घरोघरी गेला. त्याच्यावर कुणाची नजर खिळत नाही आणि तीच त्याची कामगिरी, कारण तो वाचायसाठी केलेला आहे. तुमच्या पत्रिकेत या दोन्ही वृत्तींची गरज आहे, फक्त वेगवेगळ्या ओळींत.

आता ‘हस्ताक्षरी’ म्हणून जे फॉन्ट मिळतात, त्यांची जातकुळी ओळखा. बोरूच्या, म्हणजे तिरकस कापलेल्या टोकाच्या लेखणीच्या, वळणाचे फॉन्ट हे कॅलिग्राफीचे. जाड-बारीक रेषांचा खेळ त्यांत ठळक असतो. देवनागरीचा बोरू रोमनच्या उलट बाजूला कापतात. त्यामुळे आपल्याकडे खालून डावीकडून वर उजवीकडे जाणारी तिरकी रेघ जाड येते, आणि रोमनमध्ये नेमकी तीच बारीक. पत्रिकेवर मराठीखाली इंग्रजी नावं दिली आणि दोन्ही वळणदार घेतली की काहीतरी खटकतं पण कळत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. दोन्ही लिप्या एका हाताच्या वाटाव्यात असं असेल, तर ‘यात्रा वन’ नावाचा फॉन्ट बघा. तो मुंबईच्या लोकल रेल्वेवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला आहे, आणि त्यात इंग्रजी अक्षरांनासुद्धा देवनागरी बोरूचा कल दिलाय. पत्रिकेला तो थोडा भारदस्त होईल, पण मुद्दा समजायला त्याच्यासारखं उदाहरण नाही.

दुसरी जात ब्रशची, म्हणजे पाट्या रंगवणाऱ्या पेंटरच्या हाताची. जाड, भरलेली, लांबून दिसणारी. ती कमानीवर किंवा स्वागताच्या फलकावर छान वाटते, पत्रिकेच्या आत जड होते. शिवजयंतीच्या बॅनरवर आणि गडकिल्ल्यांच्या टी-शर्टवर फटकाऱ्याची जी अक्षरं दिसतात ती हीच. तो आवेश लग्नाच्या निमंत्रणात आणू नका. तिथे सूर आर्जवाचा हवा.

तिसरी जात पेनाची. रेष साधारण एकाच जाडीची, अक्षर थोडं कललेलं, वहीत लिहिल्यासारखं. ‘कलम’ हा फॉन्ट या जातीचा. इंडियन टाइप फाउंड्रीचा आहे, मोफत आहे आणि बारीक, मध्यम, ठळक अशा तीन वजनांत मिळतो. नावांसाठी मी तो घेणार नाही, कारण त्यात थाट नाही. पण पत्रिकेत त्याची एक हक्काची जागा आहे, ती शेवटी सांगते.

तुम्ही आत्ता घेतलेला फॉन्ट वर्णनावरून मला पहिल्या जातीतला वाटतो, शिरोरेघेला दोन्हीकडे शेपट्या असलेला. नावांसाठी तो तसाच ठेवायला माझी हरकत नाही.

आता अक्षरं तुटण्याबद्दल. न बघता सांगतेय, पण माझा पहिला संशय अक्षरांमधल्या अंतरावर आहे. तयार टेम्प्लेटमध्ये इंग्रजी शीर्षकांची अक्षरं मुद्दाम लांब लांब ठेवलेली असतात. तुम्ही इंग्रजी पुसून मराठी टाकलं की ते अंतर तसंच राहतं आणि शिरोरेघेचे तुकडे सुटे होतात. अक्षरांतलं अंतर शून्य करा. देवनागरीत शब्द ऐसपैस करायचा तर फॉन्ट मोठा करा, अक्षरं ताणू नका. ओळ दोन्ही कडांना चिकटवणारी मांडणीही कधी कधी अक्षरांत फट पाडते, तीही काढा. आणि ज्या फॉन्टला ठळक रूपच नाही त्याला सॉफ्टवेअरच्या बटणाने ठळक केलं असेल, तर रेघेच्या सांध्यांवर गुठळ्या येतात.

तुटणं म्हणजे जोडाक्षरांचा पाय मोडलेला दिसणं आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडणं असेल, तर दोष फॉन्टचा नाही. फोटोशॉप किंवा इलस्ट्रेटरमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी चालू करावी लागते. इलस्ट्रेटरच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली इंडिक ऑप्शन्स दाखवण्याची खूण असते. ती करून मग पॅराग्राफच्या खिडकीत साउथ एशियन लिप्यांचा कंपोझर निवडायचा. बरेच जण हे न करता फॉन्टलाच शिव्या देतात.

तिसरं कारण जुन्या फॉन्टचं. युनिकोडच्या, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या एकाच अक्षर-संकेताच्या, आधी श्रीलिपीसारख्या पॅकेजांचे फॉन्ट आपापल्या सांकेतिक मांडणीवर चालायचे, आणि कॅलिग्राफीचे कित्येक लोकप्रिय मराठी फॉन्ट अजून तसेच आहेत. मोबाइलवर टाइप केलेला युनिकोड मजकूर त्यांत चिकटवला की चौकोन येतात किंवा कसलीतरी भलतीच अक्षरं. असा फॉन्ट वापरायचा असेल तर मजकूर त्याच्याच कीबोर्डवर नव्याने टाइप करा, किंवा कन्व्हर्टरमधून काढून प्रत्येक शब्द मूळ मजकुराशी ताडून बघा. मी अजूनही हे मोठ्याने वाचून करते. एकजण मूळ कागद वाचतो, दुसरा पडद्यावर बोट ठेवतो.

फॉन्ट पक्का करण्याआधी त्याच्या नमुन्याचं वाक्य बघू नका. नमुना नेहमी सोप्या अक्षरांचा असतो. त्याऐवजी तुमच्या पत्रिकेतले सगळ्यात अवघड शब्द टाइप करा. मी एक ओळ तयार ठेवली आहे: वऱ्हाडी, कऱ्हाड, विठ्ठल, लक्ष्मी, ज्ञानेश्वरी, श्रद्धा, शुभाशीर्वाद, बाळकृष्ण, ॲड., ऑक्टोबर, मंगलम्. यातला प्रत्येक शब्द एकेका दुखण्यासाठी आहे. हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या फॉन्टमध्ये ‘वऱ्हाडी’चा आडवा र अनेकदा नसतो आणि त्याचा ‘वर्हाडी’ होतो. लग्नाच्या पत्रिकेत वऱ्हाड चुकावं, हे मला फार लागतं. तो र तुम्ही ऱ, हलन्त आणि ह अशा क्रमाने टाइप केलाय ना, तेही एकदा तपासा. ‘बाळकृष्ण’ मधला ळ काही फॉन्टमध्ये नसतो. मग सॉफ्टवेअर गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधला ळ आणून बसवतं, आणि कललेल्या अक्षरांत एकटा ळ सरळ उभा दिसतो. ‘शुभाशीर्वाद’ मध्ये रफार मागच्या वेलांटीवर चढतो का ते बघायचं. ‘विठ्ठल’ मध्ये खालचा ठ ओळीच्या किती खाली उतरतो ते बघायचं.

ल आणि श यांच्याकडेही लक्ष द्या. मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श हिंदीपेक्षा वेगळे. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही मराठीसाठी हीच रूपं सांगितली आहेत. काही फॉन्टमध्ये ती आत दडलेली असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली तरच बाहेर येतात. नवरीच्या नावात ल किंवा श असेल तर एवढा वेळ नक्की घालवा. लहानपणापासून ती आपलं नाव ज्या ल-ने लिहीत आली, तोच ल तिच्या पत्रिकेवर असावा.

आता आकडे. त्यांत वळणदार फॉन्ट अजिबात नको. कारण माझ्याकडून घडलेलंच सांगते. काम सुरू करून पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा एका कुटुंबाची पत्रिका मी पूर्ण कॅलिग्राफी फॉन्टमध्ये केली होती. सगळ्यांना आवडली. त्या फॉन्टमधल्या १ च्या आणि ९ च्या शेपट्या जवळजवळ सारख्या होत्या. संपर्काच्या नंबरातला ९ लोकांनी १ वाचला आणि लग्नाच्या आधीचा आठवडाभर सगळे फोन कुठल्यातरी अनोळखी घरी जात राहिले. मुलीचे वडील मला रागावले नाहीत. फक्त म्हणाले, “ताई, अक्षर छान होतं, पण माणसं हरवली.” तेव्हापासून तारीख, वेळ आणि फोन नंबर मी साध्या, उभ्या आकड्यांतच घेते. तुमच्या पत्रिकेत मुहूर्त ‘सकाळी ९ वाजून १९ मिनिटे’ असा काही असेल तर हे दोनदा वाचा.

मग प्रत्यक्ष मांडणी कशी? पाच बाय सात इंचाची पत्रिका धरते. वधूवरांची नावं तुमच्या वळणदार फॉन्टमध्ये, ३४ ते ४० पॉइंट. ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ मात्र साध्या फॉन्टमध्ये, छोट्या आकारात, नावाच्या वर किंवा डावीकडे. टिंबांची ती संक्षिप्त रूपं वळणदार केली की शेपट्या एकमेकींत अडकतात. ‘शुभविवाह’ वळणदार घ्यायचं असेल तर नावांपेक्षा लहान ठेवा, नाहीतर नावांशी त्याची स्पर्धा होते. यापलीकडचा सगळा मजकूर एकाच वाचनीय फॉन्टमध्ये, ११ ते १२ पॉइंट, ओळीपासून ओळीचं अंतर (लीडिंग) १७-१८ पॉइंट. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ या कामाला उत्तम. मोफत आहे, त्यात बरीच वजनं आहेत आणि बारीक आकारातही तो उघडा राहतो. ओळींतलं अंतर इंग्रजीच्या सवयीने कमी ठेवू नका. आपल्याकडे वरच्या ओळीचे उकार खाली येतात आणि खालच्या ओळीच्या मात्रा-रफार वर जातात, दोघांना जागा लागते.

नावं टाइप करून झाली की तिथेच थांबू नका. त्यांना कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर करा, आणि मग हाताने थोडं काम करा. समजा नाव ‘मानसी’ आहे आणि खाली ‘समीर’. दोन्हींत म, स आणि दीर्घ वेलांटी आहे. ‘सी’ची वेलांटी थोडी उंच ओढा, ‘मी’ची थोडी आखूड करा. शिरोरेघेची शेपटी दोन्ही नावांना दोन्हीकडे नको. वरच्या नावाला डावीकडे आणि खालच्याला उजवीकडे ठेवा, बाकीच्या कापून टाका. अर्ध्या तासाचं काम आहे, पण तेवढ्याने ती अक्षरं शिक्क्याची राहत नाहीत, या दोघांसाठी काढलेली वाटतात. ऐपत असेल तर दोन नावं एखाद्या सुलेखनकाराकडून लिहून घ्या. पूर्ण पत्रिका लिहून घ्यायची गरज नाही, दोन शब्द पुरतात. आणि तो कागद पुढे चौकटीत लावून घरात ठेवता येतो.

छपाईबद्दल थोडं. फॉइलसाठी धातूचा ब्लॉक बनतो आणि तो तापवून दाबतात, त्यामुळे अक्षरातल्या बारीक पोकळ्या बुजतात आणि केसासारख्या रेघा तुटतात. बोरूच्या फॉन्टची बारीक टोकं कर्व्ह केल्यावर जराशी जाड करून द्या. हातकागदावर स्क्रीन प्रिंटिंग असेल तर शाई पसरते आणि अनुस्वार शिरोरेघेला चिकटतो. ‘मंगल कार्यालय’चं ‘मगल कार्यालय’ झालेलं मी बघितलंय. अनुस्वार थोडा वर उचला आणि किंचित मोठा करा. गाडीच्या काचेवर किंवा दाराशी नावांचं रेडियम कापून घेणार असाल तर कर्व्ह केलेली अक्षरं आधी वेल्ड करून एक आकृती करून घ्या. नाहीतर दोन अक्षरांच्या रेघा जिथे एकमेकांवर चढतात, तिथे कटरचं पातं प्रत्येक सांध्यावर फिरतं आणि चिकटवताना नाव तुकड्या-तुकड्यांनी हातात येतं. अक्षरांना बाहेरून सोनेरी किनार द्यायची असली तरी वेल्ड आधी, किनार नंतर.

लोणच्याच्या लेबलाचं उत्तर याच विचारातून निघतं. ब्रँडचं नाव हस्ताक्षरी फॉन्टमध्ये जरूर घ्या. घरचं, हातचं म्हणून विकायच्या वस्तूला हाताचं अक्षर शोभतं. पण पत्रिकेतलाच फॉन्ट नको. पत्रिकेचं अक्षर नटलेलं असतं, बरणीवरचं कामाला लागलेलं हवं: पेनाच्या किंवा ब्रशच्या जातीतलं, कमी शेपट्यांचं, दुकानाच्या फळीवर चार-पाच फुटांवरून वाचता येणारं. ‘कैरीचं लोणचं’, ‘गोडा मसाला’ ही पदार्थांची नावं साध्या ठळक अक्षरांत घ्या, कारण गिऱ्हाईक आधी तीच शोधतं. घटक, निव्वळ वजन, तारखा, किंमत, १४ अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवान्याचा) क्रमांक हे पूर्णपणे साध्या फॉन्टमध्ये. ही माहिती स्पष्ट वाचता आलीच पाहिजे असा नियम आहे, आणि ती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत द्यावी लागते. मराठी त्याच्या जोडीला देता येतं, आणि द्याच. म्हणजे लेबलावर दोन-तीन भाषांचा मजकूर दाटीने बसणार. तिथे वळणांना जागाच उरत नाही.

एक गोष्ट विसरू नका, परवाना. पत्रिका घरगुती आहे, पण लेबल हा धंदा आहे. ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ म्हणून मिळालेला फॉन्ट त्यावर चालणार नाही. वर सांगितलेले कलम, मुक्त, यात्रा वन हे तिन्ही खुल्या परवान्याचे आहेत, धंद्यासाठी बिनदिक्कत वापरता येतात. विकतचा फॉन्ट आवडला तर विकत घ्या. एका देवनागरी फॉन्टमागे जोडाक्षरं धरून शेकडो आकृत्यांची मेहनत असते.

आता त्या राखून ठेवलेल्या जागेबद्दल. पत्रिकेच्या तळाशी मुलांच्या तोंडची ओळ असते ना, “आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!” आणि खाली भाचरं-पुतण्यांची नावं. सगळ्या पत्रिकेत ही एकच ओळ खरोखर बोललेली असते, म्हणून पेनाचं अक्षर तिथे सगळ्यात खरं वाटतं. कलम फॉन्ट तिथे घ्या, १३-१४ पॉइंट, मध्यम वजन. आणि घरात लिहितं-वाचतं मूल असेल तर फॉन्टही नको. कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळ्या जेल पेनने, पत्रिकेवर हवी त्याच्या दुप्पट मोठी, ती ओळ त्याच्याकडून लिहून घ्या. दोन-तीनदा लिहू द्या आणि त्यातली सगळ्यात सहज आलेली निवडा. सगळ्यात नीटनेटकी निवडू नका. ६०० डीपीआयवर स्कॅन करा, कागदाचा करडेपणा काढून फक्त काळं ठेवा आणि निम्म्या आकारात बसवा. शिरोरेघ वाकडी आली असेल, ‘हं’वरचा अनुस्वार कुठेतरी लांब पडला असेल. तो तिथेच राहू द्या, आणि छापखान्याला कळवून ठेवा की ही ओळ दुरुस्त करायची नाही.